एकास सत्त्याऐंशी

तळघरात, फर्नेसच्या शेजारी, माझं यार्ड आहे.
बाहेर उणे चौतीस. वर हालिना झोपलीय.

कोळशाचा मनोरा झाला. पाण्याची टाकी झाली,
तिचे पट्टे मँडोलिनच्या तुटक्या तारेचे.
वाळूघरात खरी वाळू भरून पाहिली,
तर या मापात ती दगडगोट्यांसारखी दिसायला लागली.
शेवटी विटेची पूड, तलम कापडातून गाळलेली.
लोकांना हे पटत नाही,
पण लहान करायला घेतलं की कळतं
काय काय लहान व्हायला तयार नसतं.
पाणी नसतं. धूळ नसते.

राहिलं होतं सांधेवाल्यांचं खोपटं.
त्याचा नकाशा कंपनीकडे नाही, कधी नव्हताच.
मोडीत निघालेल्या मालडब्याच्या फळ्या
आम्हीच चोरून आणल्या, आम्हीच ठोकल्या,
फोरमनने दोन वर्षं ते पाहिलंच नाही,
आणि तिसऱ्या वर्षी आत येऊन शेकत बसला.
आता तिथे तारेचं कुंपण आहे आणि गवत.

माझ्याकडे फोटो एकच.
दारात ओस्टाप दुचाक, हातात कंदील,
फोटो काढणाऱ्यावर जराही विश्वास नसलेला.

माप काढायची रीत अशी:
फोटोत उंची ठाऊक असलेला माणूस शोधायचा.
माणसावरून दार, दारावरून भिंत,
भिंतीवरून छप्पर, धुराडं, सगळं.
ओस्टापची उंची आम्हा सगळ्यांना पाठ होती. पाच आठ.
भरतीच्या कागदावर तीच होती,
आणि तो स्वतःही सांगायचा,
कुणी विचारलं नसताना.

ऑक्टोबर ते जानेवारी मी त्या पाच आठवर बांधत होतो.
सांगाडा. खिडकीची एक काच तडकलेली, कारण ती तशीच होती.
मग फळ्या, खालून वर, एकेक.
फोटोत वीस आहेत. मी वीस लावल्या.
वर वळचणीखाली फट राहिली,
मिलिमीटरभर, किंचित कमीच.
नखाने चाचपली तरी लागत होती.

पुन्हा मोजलं. फोटोत वीस.
मालडब्याची फळी सव्वापाच इंची,
तिला खोटं बोलायचं काही कारण नाही.
रात्री दोन वाजता कागदावर उत्तर आलं:
पाच सहा.

सकाळी मार्फाला फोन केला, तिच्या वृद्धाश्रमात.
ती इतकी हसली की नर्सने फोन घेतला,
काय झालं म्हणून विचारलं.
मग मार्फा सांगू लागली.
पाच आठच्या खाली घेत नव्हते रे नेस्टर.
विनिपेगचं वर्तमानपत्र, आख्खा ईस्टरचा अंक,
घडी घालून मोज्यात, टाचांखाली.
डॉक्टरला जेवायला जायचं होतं.
पुढचं ती युक्रेनीत बोलली, हळू,
बहुतेक माझ्याशी नाही.

छत्तीस वर्षं त्याच्याबरोबर मी डबे जोडले, सोडले.
धावत्या डब्याच्या शिडीला तो नेहमी
एक पायरी आधीच उडी घ्यायचा.
मला वाटायचं, दिमाख.

खोपटं उकलायचं का?
कटर हातात घेतला होता. पातं नवं होतं.
पण डिंक चांगला वाळलाय, आणि माझे हात
पूर्वीसारखे राहिले नाहीत, हेही आहेच.
फटीत अर्धी फळी चिरून बसवली.
वळचणीच्या सावलीत ती दिसत नाही.
मला दिसते.

ओस्टाप मात्र आधीच तयार होता,
फोटोवरून कानशीने घासलेला, निळा कोट, कंदील,
एकोणीस मिलिमीटर आणि चिमूटभर.
दारात उभा केला तर
दार त्याला मोठं झालं.

शनिवारचा पेपर घेतला, गव्हाच्या भावांचं पान.
कोपरा फाडला, तीन घड्या घातल्या,
नखाने दाबल्या,
बुटांच्या मापाने कापल्या,
आणि सुईच्या टोकावर डिंक घेऊन
त्याला वर चढवला.