सही बाकी

नारनवरे गठ्ठा घेऊन आले तेव्हा
कूलर कोरडाच घरघरत होता.
"एक्केचाळीस आहेत मॅडम, ऑडिटवाले सोमवारी येऊन राहिले.
तुम्ही फक्त सह्या करा, तारखा मी टाकतो ना जी."
पानापानांत त्यांनी चिठ्ठ्या खोचल्या होत्या,
पेन्सिलीच्या बारक्या फुल्या केल्या होत्या:
इथे. इथे. आणि मागच्या बाजूला, इथे.

मेडिकलमध्ये बावीस वर्षं झाली.
माझी सही आधी नाव होती,
मग आडनाव गेलं, मग काना-मात्रा,
आता शाईत पाय भिजलेली मुंगी
कागदावरून चालत जावी, तेवढंच.
तीस कागद मी वाचलेच नाहीत.
चहा आला, त्यावर साय धरली.

एकतिसावा.
सगनाबाई धुर्वे, वय छत्तीस, राहणार पांढुर्णा.
खाट सतरा. फेब्रुवारी.
बोपचेचं अक्षर, पहिल्या वर्षाचं, टोकदार:
रात्री दोन दहा, श्वास वाढला,
युनिट प्रमुखांना फोनवर कळवले,
निरीक्षणाखाली ठेवण्याचा सल्ला.
त्याखाली पाच चाळीस.
त्याखाली एक आडवी रेघ.

फोन आला होता.
मी गोधडीत होते, आणि काय म्हणाले
ते लख्ख आठवतं:
"सकाळी बघू रे."
तीन शब्द, त्यातला एक निम्मा जांभईचा.
त्या पोराने त्यांचं इंग्रजी केलं,
इस्त्री केली, वर माझं पद लावलं
आणि खाली मला जागा ठेवली.

मी गेले असते तर ती वाचली असती का,
माहीत नाही. खरंच माहीत नाही.
या प्रश्नाला छापील रकाना नाही.

पान उलटलं. संमतीपत्र.
नवऱ्याचा अंगठा, जांभळा, जरा सरकलेला.
त्यातली रेघ न् रेघ वाचता येते,
भोवरा, भोवऱ्याशेजारी विळ्याची जुनी खूण.
माझ्या सहीतलं एक अक्षर वाचता येत नाही.

"काय झालं मॅडम? पेन चालून नाही राहिला का?"
"चालतो. तारखा मी टाकते."
"फेब्रुवारीची टाका जी. नाही तर विचारतीन."
"विचारू द्या."

बोपचेच्या ओळीखाली बोटभर जागा होती.
खोडलं काहीच नाही.
लिहिलं, मराठीतच:
फोन आला होता. मी "सकाळी बघू" म्हणाले. मी गेले नाही.
खाली आजची तारीख, एकोणीस मे,
दुपारचे तीन वाजून पाच मिनिटं,
आणि मृणालिनी वामनराव फुलझेले.
'झ' काढताना हात अडखळला,
किती वर्षांनी काढत होते.

नारनवऱ्यांनी तो कागद गठ्ठ्यात घातला नाही,
वेगळाच धरला, दोन बोटांत,
ओला असल्यासारखा.

मी म्हणाले, आधीचे तीस परत द्या.
"सगळे?"
सगळे.
त्यांनी घड्याळाकडे पाहिलं,
मग बादली उचलून
कूलरमध्ये पाणी टाकायला गेले.