फिरवू नये

नोव्हेंबर. मायनॉटच्या उत्तरेला अकरा मैल.
पत्र्याच्या अर्धगोल शेडमध्ये
ट्रकचं मागचं धूड दोन घोड्यांवर,
आणि खाली पुठ्ठ्यावर उताणी मी.

डावीकडून तेल गळतंय ऑगस्टपासून.
ब्रेकचे पट्टे तेलात मुरलेत,
थांब म्हटलं की
आधी विचार करतात.

सील अकरा डॉलरचं.
पण त्याच्यापर्यंत पोचायला शाफ्ट काढायचा,
शाफ्टसाठी क्लिप,
क्लिपसाठी मधली पिन,
आणि पिनेला अडवून बसलेला एक बोल्ट,
करंगळीएवढा,
सत्तावीस वर्षं काळ्या तेलात बसलेला.
तो तुटला.
सुपारी फुटावी तसा, कट्‌कन.

अडला हरी... पुढचं बोलत नाही.
लेलंडला फोन केला.

वाटणीत ट्रक मला आला, हत्यारं त्याला.
तेव्हापासून दोघांचंही
धड काही चालत नाही.

तो आला. टोपी काढली नाही.
उलट्या आट्याचं ड्रिल आणलं होतं त्यानं;
तुटक्या बोल्टात ते हळूच शिरलं,
चावलं,
आणि गोगलगायीसारखा
तुकडा मागे मागे सरकत बाहेर आला.
मी त्याला म्हटलं, वा.
(दोन वर्षांत पहिल्यांदा.)

"पिन सगळी ओढू नकोस. अर्धीच.
हा साधा नाही, लिमिटेड स्लिप आहे, मध्ये ठोकळा असतो.
साध्यात शाफ्ट आत रेटला की क्लिप हातात पडते.
इथे तिचं तोंड
ठोकळ्याच्या तोंडासमोर आणावं लागतं.
आणि आता चाकं फिरवायची नाहीत.
केसभरसुद्धा.
आतले दात सरकले
तर रात्र इथेच."

मग तो उजवीकडे जाऊन बसला,
शाफ्टचं टोक दोन्ही हातांनी धरून.
मी डिफरन्शियलच्या उघड्या पोटापाशी,
दातांत टॉर्च, हातात पेचकस.

"धरलंयस?"
"धरलंय."

क्लिप तेलात निसटते.
एक दात पुढे, अर्धा मागे.
मनगटावरून तेल कोपराकडे उतरतं,
त्याचा तो गंधकाचा वास,
आठ दिवस भाकरीलाही येणारा.

"सिग्ने फोन करते?"
"रविवारी."
"मलाही रविवारीच."
"आधी कुणाला?"
मी टॉर्च दातांत घट्ट धरला.

एक चाक बर्फात गरगरू लागलं
की आतल्या चकत्या एकमेकींना आवळतात
आणि दुसऱ्या चाकाला ओढायला लावतात.
त्या वर्षीच्या वादळात, रग्बीच्या वळणावर,
खड्ड्यातून याच गाडीनं वर काढलं होतं आम्हाला,
सिग्ने मागे झोपलेली.
यावर मला काही म्हणायचं नाही.
यंत्र आहे, यंत्रासारखं वागतं.

"रेट आत."
रेटला.
क्लिप तळहातावर आली,
लहानशा घोड्याच्या नालेसारखी,
अंगापेक्षा जड.

शाफ्ट आम्ही दोघांनी मिळून ओढला.
लांब, काळा, थंड,
टोकाला तेलाची तार लोंबणारा.
रिकाम्या धान्याच्या पोत्यावर ठेवला.
लेलंडनं बोटानं पुसला, नख फिरवलं,
माझंही बोट धरून त्याच जागेवर नेलं
आणि लगेच सोडलं.

बेअरिंग फिरत होतं तिथे खाच.
दिसत नाही. नखाला लागते.

"यावर नवं सील घालून
आठवडाभर टिकेल.
शाफ्टच मागवावा लागेल, फार्गोहून.
गुरुवारपर्यंत येईल."

जाताना त्यानं कागदी चिकटपट्टीवर
त्याच्या त्या तिरक्या अक्षरात
दोन शब्द लिहिले
आणि उजव्या बाजूला चिकटवले:
फिरवू नये.

ड्रिल नेलं नाही.
म्हणाला, लागेलच.

रात्री वारा सुटला, पत्रा कुरकुरत राहिला.
मी दोनदा उठून, कोट घालून,
शेडमध्ये जाऊन बघून आले.
काही फिरलेलं नाही.