उपाशीपोटी

सात वर्षं झाली.
सकाळी साडेपाचला, दात घासायच्याही आधी,
शेंगदाण्याहून लहान एक पिवळी गोळी
आणि वर अर्धा पेला पाणी.
मग अर्धा तास थांबायचं. चहा नाही.
तेवढ्यात बिबवेवाडीच्या चढावर पहिली पीएमटी कण्हते
आणि कुंदा आतून विचारते,
झाली का तुमची पूजा?

मी मार्केट यार्डात मिरचीच्या गाळ्यावर हिशेब लिहितो.
ब्याडगी, संकेश्वरी, तेजा.
एक पोतं उसवलं की अख्खी गल्ली शिंकते.
जळजळ मला धंद्याचीच वाटायची,
रंगाऱ्याच्या नखातल्या रंगासारखी.
कोणी विचारलं तर म्हणायचो,
मिरचीत बसणाऱ्याच्या पोटात काय बर्फ असणार?

गोळी कोणी दिली, ते मात्र आठवेना.
कागद सापडला विम्याच्या फाइलीत.
गुडघ्यावर पोतं घसरलं होतं, त्या दिवाळीतला.
दुखण्याची गोळी, पाच दिवस.
तिने पोट सोलू नये म्हणून ही,
पाठराखीण. तीही पाचच दिवस.
गुडघा बरा झाला, नवरी माहेरी गेली,
पाठराखीण राहिली.
आणि घरात कोणी विचारलंच नाही,
बाई, तू अजून कशी?

तळपायांत मुंग्या चालायला लागल्या
तेव्हा डॉक्टर गुंदेचांनी रक्त तपासलं.
बी-बारा तळाला.
म्हणाल्या, एवढं एकच कारण असेल असं नाही,
पण आम्ल काही वैरी नव्हे हो.
अन्नातून हे जीवनसत्त्व तेच सोडवून घेतं.
तुम्ही चूल विझवून
सात वर्षं स्वयंपाक मागताय.

मी त्याच संध्याकाळी पत्ता कचऱ्यात टाकला.
शूर माणूस.
चौथ्या रात्री छातीत असा जाळ उठला
की गाळ्यातली सगळी तेजा कोणी नरड्यात ओतली.
कुंदाने गुलाबी औषधाची बाटली हलवून दोन चमचे पाजले,
उशीला उशी लावली,
आणि पहाटेपर्यंत एक शब्द बोलली नाही.
ते जास्त लागलं.

गुंदेचा हसल्या नाहीत.
आधी विचारलं, शौचाला काळी होते?
घास अडकतो? रक्त पडलं? वजन उतरलं?
नाही, नाही, नाही,
आणि पँट तर कमरेला आवळते.
मग म्हणाल्या, दाबून धरलेली स्प्रिंग आहे,
एकदम सोडली की उसळणारच.
काही आठवडे उसळेल. हात हळूहळू काढायचा.
चाळीसची वीस, मग एक दिवसाआड.
चावायची नाही, कुटायची नाही,
वरचं कवच उगाच नसतं.
रात्री दहाचं जेवण आठला आणा,
पलंगाच्या डोक्याकडे दोन विटा द्या.
आणि नाहीच जमलं तर मला येऊन सांगा,
दुकानदाराला नाही.

हे सगळं मी जिन्यात फुशारकीने सांगत होतो
तर वरचे पन्हाळकर म्हणाले, मग मीही सोडतो.
माझा हात कठड्यावरून सुटला.
त्यांच्या हृदयात स्टेंट,
रक्त पातळ ठेवायची गोळी रोजची,
आणि गेल्या आषाढात अल्सरमधून रक्त गेलेलं.
म्हटलं, अण्णा, तुमची नवरी अजून घरात आहे,
तुमची पाठराखीण कामावर आहे.
डॉक्टरला विचारल्याशिवाय तिला हात लावू नका.
ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.
कोणाच्या नवरीबद्दल बोलतोय, त्यांना कळेना.

आता कॅलेंडरवर एक दिवसाआड
लाल शाईची फुली आहे, गाळ्यावरच्याच पेनची.
पत्त्याच्या मागे मी तारीख लिहिली, जावक.
पोत्याला असते, औषधालाही असावी.

आज फुली नाही.
साडेपाचला जाग येतेच. हात फडताळाकडे जातो,
रिकामा परत येतो.
छातीत थोडं धुमसतं, पण चूल पेटल्यासारखं.
चहा लगेच घेता येईल.
तरी मी अर्धा तास बसून राहतो,
चढावरची पीएमटी जाईपर्यंत,
उपाशीपोटी,
सवय कशी ओसरते ते बघत.