रजेचं कारण

मालन हणबर, टोकन चारशे सतरा,
वाइंडिंग खातं, दुसरी पाळी.
अर्ज वहीच्या फाडलेल्या पानावर, बहुधा लेकीच्या अक्षरात:
'माझे भावास किडनी देणेची आहे, तरी सुट्टी मिळावी.'

कुपवाडच्या या सूतगिरणीत एकवीस वर्षं
कोण किती वाजता आलं, कोण किती वाजता गेलं
एवढंच लिहीत आलोय मी.
माझ्याकडं रकाने पाच:
किरकोळ, हक्काची, आजारपणाची, बाळंतपणाची, बिनपगारी.
हक्काची तिनं आधीच संपवली होती,
भावाला आठवड्यातून दोनदा
जतहून मिरजेला डायलिसिसला आणण्यात.

'आजारपणाची टाकू?'
'मी कुठं आजारी हाय सायेब?
एवढ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणलं, घोडीवाणी हाईस.
आजारी आस्ते तर घेतली आस्ती व्हय माझी?'

ठणठणीत होती.
अडचण तीच होती.

मॅनेजरसाहेब वाईट नाहीत.
रोलरमध्ये बोट गेलेल्या पोराला
स्वतःच्या गाडीतून नेलं होतं त्यांनी, सीट रक्तानं भरली तरी.
अर्ज दोनदा वाचून म्हणाले,
'तिच्या मर्जीनं आहे ना? मग बिनपगारी.'
सरकारी माणसाला बेचाळीस दिवस मिळतात म्हणे यासाठी.
मी तसं म्हणालो.
त्यांनी खिडकीतून गेटवरची पाटी बघितली.
पाटीवर सरकार नव्हतं.

संध्याकाळी मी तिला हळूच म्हटलं,
'अपघात लिहितो. मशीनवर पडलीस म्हणून.'
ती बराच वेळ काउंटरचा पत्रा नखानं खरवडत राहिली.
'नगं. तायाप्पाला कुणी सांगितलं
तर त्यो म्हनंल, आक्काला अपघात झाला माझ्यापायी.
पडले न्हाई मी. चालत जानार हाय.'

समितीपुढं तिला चारदा विचारलं, कॅमेऱ्यासमोर:
कुणाचा दाब आहे का? पैसे घेतले का?
नवऱ्याची संमती आहे का?
एवढे दिवस खाणार काय,
हे समितीनं विचारलं नाही.
आम्हीही नाही.

नव्या संगणकात सहावा रकाना निघाला: इतर.
मी दाखवला. हसली.
'चालतंय की. इतरांसाठीच हाय न्हवं.'
ती गेल्यावर मी बटण दाबून पाहिलं.
इतरसुद्धा बिनपगारीच होतं.

त्या रात्री माझी शिल्लक काढली:
एकशे अठरा दिवस. साठवलेले.
कशासाठी, ते आता आठवत नाही.
नियमपुस्तक उघडलं. पान एकोणीस:
एका कामगाराची रजा दुसऱ्या कामगारास वर्ग करता येणार नाही.
पुन्हा वाचलं.
किडनी देता येते.
रजा देता येत नाही.

बेचाळीस दिवस काढायचे होते, अडतिसाव्या दिवशी ती गेटवर.
पोटाला पट्टा, हातात डबा.
चिठ्ठीत लिहिलेलं, पाच किलोवर वजन उचलू नये.
बॉबिनचा क्रेट अकरा किलोचा.
फरजाना जमादारनं आपलं मशीन सोडलं,
तिचा पहिला क्रेट उचलून ठेवला, परत गेली.
मग दुसरा.
दोघी एक शब्द बोलल्या नाहीत,
बोलल्या असत्या तरी त्या आवाजात कुणाला ऐकू आलं असतं.
याला माझ्याकडं रकाना नाही.

पगाराच्या दिवशी तिनं चिठ्ठी पाहिली,
आकडा पाहिला,
बारीक घडी करून बटव्यात सारली.
'शनिवारी तपासणी हाय. हाफ डे भेटंल?'
'कारण?' तोंडातून गेलं माझ्या, सवयीनं.

जराशी थांबली. मग तोंडभर हसत म्हणाली,
'तायाप्पाला आता लघवी हुतीया, लिवा.
वरीस झालं, थेंब न्हवता.
परवा फोनवर रडलं येडं, आक्का, झाली म्हनून.'

लिहिलं.
रकान्यात मावलं नाही,
शेवटची दोन अक्षरं समासात गेली.