गुंजभर वारा

बाबांच्या तागडीत सोनं कमीच यायचं.
आचऱ्याच्या खाडीकाठी कोण करतो सोनं?
सालात चार मणी, मोडून केलेली एखादी नथ.
बाकी दिवस पारडी रिकामी,
वाऱ्यानंच वर-खाली.

तातू घाडी यायचा दिवा लागल्यावर,
कमरेच्या चंचीत गोळ्या घेऊन.
शिसं पागाचं. कुबलाच्या फाटक्या पागाच्या घेरातून
उकलून आणायचा,
बदल्यात भेकराची तंगडी कबूल करून.
लोखंडी पळीत वितळवायचा, साच्यात ओतायचा.
दहा ओतल्या की तीन कामाच्या.
त्या तीन शोधायला आमची ओटी.

शिसं, सोन्याच्या पारड्यात?
बाबा हसले. मग दोन्ही पारड्यांत
फणसाचं एकेक पान घातलं, सारख्या वजनाचं,
आणि ते तसंच ठरून गेलं.

एकीकडे गोळी. दुसरीकडे तोळा
आणि वर दोन गुंजा, लाल, काळ्या डोळ्याच्या.
गुंजा टाकायचं काम माझं.
काटा मधोमध थांबला की तातू मान हलवायचा.
नाही थांबला तर गोळी कानाजवळ धरून,
जणू ती काही सांगणार आहे,
"ही नको. हिच्यात वारो आसा."

आतला वारा गोळीला वाटेत वळवतो, म्हणायचा.
दारू मापात, खोबरेलाची चिंधी घट्ट,
गजाचे ठोके मोजून सात,
सगळं बरोबर, तरी वारा वळवतो.
डुकराला एक वेळ चालेल, डुक्कर सोसतं आणि अंगावरही येतं.
भेकर नाही.
"जनावराक कळूक नको, आपल्याक काय लागला ता."
हे तो नेहमी हळू बोलायचा,
भेकर ओटीखालीच उभं असल्यासारखं.

त्या संध्याकाळी बाबा मालवणला.
तागडी माझ्या हातात, पहिल्यांदाच एकटीच्या.
सहा गोळ्या नापास केल्या मी, मोठ्या तोऱ्यात.
सातवी सगळ्यांत गुळगुळीत,
शिवण नाही, डाग नाही,
अबोलीच्या देठाशी ओवायची इच्छा व्हावी अशी.
एक गुंज कमी भरली.
मी बोटानं पारडं जरासं धरलं.
"भरली," म्हटलं.

तातूनं ती कानाला लावली नाही.
माझ्यावर विश्वास ठेवला.

बार रात्री ऐकू आला, कुळथाच्या मळ्याकडून.
मग भुंकणं. एकदा. मग बराच वेळ काही नाही,
मग पुन्हा, खाली, पाण्याच्या बाजूला.

दोन दिवस तातू घरी गेला नाही.
तिसऱ्या दिवशी ओहोटीला
चिप्यांच्या मुळांत सापडलं,
गुडघ्यापर्यंत चिखलात, तोंड खाडीकडे.
मांस कुणी घेतलं नाही. कुबलानं तंगडी मागितली नाही.

तातू दुपारीच आला, दिवा लागायच्या आत.
धुतलेली गोळी पानावर ठेवली.
हाडावर चपटी झालेली,
आणि मधोमध उघडी पडलेली ती जागा,
मोहरीएवढी.

बाबा आत होते. मी वाट बघत होते,
तो हाक मारील म्हणून.
त्यानं चंची सोडली, दहा नव्या गोळ्या ओतल्या पुढ्यात.
"आता तूच मोज," म्हणाला.
"तुका आता म्हायत आसा."

सोळा वर्षं मोजल्या.
मग बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली, तिची पावतीही कसरीनं खाल्ली.
मळ्यात आता रान आहे, भेकरं गडग्यापर्यंत येतात,
रात्री भुंकतात, आणि नवी सून म्हणते
कुणाचा कुत्रा आहे हो हा.

तागडी भावानं नेली.
गुंजांची डबी माझ्याकडे.
त्यांतली एक किडकी निघाली, कधीची कोण जाणे.
टाकली नाही.
हलवली की आतून वाजते.