कडीची उंची

नथ्थूजी बोबडे म्हणाले, तीन बाजूंनं लाव जाळी.
चौथीकडे पऱ्हाटी उभी हाय, तिकून कोण येते?
फोटो समोरून काढतात सायेब. फाईलीले तेवढंच लागते.

मी टेप काढला.
तीस बाय तीसचं शेततळं, काळं प्लास्टिक,
आत आभाळ, आणि एक संत्रं तरंगत.
पाण्यात संत्रं असलं की लेकरू
संत्र्याकडंच पाहतं.

काठावर बूट टेकवून पाहिला. घसरला.
माझं वजन ब्याऐंशी किलो,
एका हाताने खांब धरलेला, तरी घसरला.
विहिरीला निदान कपार असते, नाल्याला मूळ.
इथं धरायला गवताची काडी उगवत नाही.
उगवू नये म्हणून तर प्लास्टिक.

रविवार होता. रुंजी आली होती माझ्यासंगं, पाच वर्षांची.
तिला म्हटलं, खांबाला पाठ लाव.
हात वर. आता टाचा उचल. आता उडी मार.
बोटं पोचली तिथं खडूनं रेघ ओढली.
"आणि मी डब्यावर चढली तं?"
हे मला सुचलं नव्हतं.
रंगाचा डबा पालथा घातला, तिला वर उभी केली,
दुसरी रेघ.
त्याच्या वर आणखी एक वीत,
पुढच्या संत्र्यापर्यंत ती वाढेल तेवढी.

"एवढी उच्ची कडी? मलेच पुरणार नाही."
"हात वर करा ना, नथ्थूजी."
त्यांनी केला. पुरली.
हात तसाच वर ठेवून ते थोडा वेळ
पऱ्हाटीकडं पाहत राहिले,
मधल्या पायवाटेकडं.
ती पायवाट शाळेकडून येते.

"चौथ्या बाजूचं किती होईन?"
आकडा सांगितला.
हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.
लांब बांबू आणला,
संत्रं काठाला ओढलं,
धोतराला पुसून रुंजीच्या हातात दिलं.

मी चष्मा डोळ्यांवर ओढून बिजागरीला बसलो.
जुन्या लुनाची स्प्रिंग होती जपून ठेवलेली,
ती बसवली की फाटक सोडताच मिटणार,
माणूस विसरला तरी.
ठिणग्या उडाल्या, थांबल्या.
चष्मा वर केला.

रुंजी संत्र्याची सालं मुठीत घेऊन
तळ्यात टाकायला निघाली होती.
फाटक अजून जमिनीवर आडवं.
तिनं ते ओलांडलं,
उंबरा ओलांडावा तसं.

तिची वेणी माझ्या हाती लागली.