मांडलिक

नार्वात नदीपलीकडे दुसरा देश सुरू होतो.
अलीकडे, चौथ्या मजल्यावर,
हेल्दुर एकशे ब्याऐंशीवी चाल खेळतोय.

उत्तरेच्या राणीला त्याने संपवलं नाही.
तीन शहरं घेतली, चौथ्याच्या वेशीशी थांबला,
म्हणाला, मान तुकव, गादी ठेव.
आता तिचे घोडेस्वार
पूर्वेच्या तटाखाली मरताहेत
आणि ह्याचं सैन्य कोठारं राखत बसलंय.

युक्ती साधी, तो मला सांगतो :
जिंकलेलं शहर कुरकुरतं, बंड करतं, खर्चात पाडतं.
मांडलिक आपलं आपण निस्तरतो.
वर त्याची निम्मी जमीन
आपल्या हिशेबात.

दोनशे चौथ्या चालीला विजय.
नकाशाभर जांभळा रंग,
फक्त राणीच्या मुलखाला
एक हिरवी किनार उरलेली,
बोटाने पुसायला जावं इतकी बारीक.

हेल्दुर खिडकीशी जातो.
पलीकडच्या किल्ल्यावर दिवे लागलेत.
त्याच्या बापाने गाव न सोडता
तीन झेंड्यांना सलाम ठोकला होता,
हे तो एकदाच बोलला, तेही जेवताना.

"ती काय करते, कधी बघितलंच नाही,"
तो काचेला म्हणतो.
"तिची चाल आली की
मी चहा टाकायला उठतो."